५४ पायऱ्या आणि एक वही: झिजेचे आजार घरी सांभाळताना

ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला ५४ पायऱ्या. भाजीच्या पिशव्या, नातवाचं दप्तर, गणपतीची मूर्ती, सगळं सासूबाईंनी वर्षानुवर्षं या जिन्याने वर आणलं आणि पायऱ्या कधी मोजल्या नाहीत. मोजायला लागल्या त्या ६८व्या वर्षी, गुडघा दुखायला लागल्यावर. मधुमेह तोवर ११ वर्षांचा झाला होता, बीपीची गोळीही चालू होती. आज त्या ७७ वर्षांच्या आहेत. या नऊ वर्षांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. सांभाळणारी आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांच्यासमोर बसताना आपल्या हातात काय असायला हवं, ते मला नक्की सांगता येईल.

सुरुवात आमच्या चुकीपासून करते. गुडघ्यासाठी सात दिवसांची दुखण्याची गोळी लिहून दिली होती. आराम पडला. मग तीच चिठ्ठी दाखवून आम्ही दुकानातून पुन्हा आणली, पुन्हा आणली, असे चार महिने गेले. एक दिवस पाय सुजले, बीपी वर गेलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड नीट गाळत नसल्याची खूण. दुखण्याच्या अशा बहुतेक गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात आणि अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत चालू असली, तर मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. हाडांच्या डॉक्टरांकडे एक फाइल होती, शुगरच्या डॉक्टरांकडे दुसरी, बीपीची गोळी तिसरीकडून. तिन्ही फायली आमच्याच कपाटात होत्या, पण शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचल्या नव्हत्या. त्या दिवसापासून माझ्यासाठी समग्र उपचार म्हणजे आधी हे: सगळे आजार, सगळ्या गोळ्या आणि सगळा दिवस एका जागी मांडून पाहणं. योगासनं, तेल, काढे यांचा विचार त्यानंतर.

झीज कुठे कुठे होते

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती एकदा खराब झाली की भरून येत नाही. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, तेही सांधा हलला तरच. म्हणून ‘गुडघा झिजलाय, आता बसून राहा’ हा सल्ला उलटा आहे. हाडं ठिसूळ होतात तेव्हा दुखत नाही, हाड मोडेपर्यंत पत्ता लागत नाही. मधुमेहात रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात: डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या, पायांच्या. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामाइन (हालचाल सांभाळणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात, अल्झायमरमध्ये स्मृती सांभाळणाऱ्या भागापासून पडझड सुरू होते.

हे आजार एकमेकांचा हात धरून येतात. शुगरमुळे तळपाय बधिर होतात, म्हणून तोल जातो. गुडघ्यामुळे चालणं कमी होतं, म्हणून मांडी बारीक होते. मग बाथरूममध्ये पाय घसरतो आणि ठिसूळ झालेलं खुब्याचं हाड मोडतं. ही साखळी कुठेही तोडता येते, हेच आपल्या हातात आहे.

एक फरक सुरुवातीलाच ओळखा. सकाळी सांधे आखडतात आणि अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात, ती बहुधा वयाची झीज. पण दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात, सकाळचा ताठरपणा तासभर किंवा जास्त टिकतो, थकवा असतो, तर तो आमवात असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर हल्ला करते. तिथे वाट पाहू नका. संधिवाततज्ज्ञाकडे लवकर गेलात तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात.

पहिलं काम: वही

साधी दोनशे पानी वही पुरते. पहिल्या पानावर सगळ्या आजारांची नावं आणि ते कधीपासून आहेत ती वर्षं, कशाची ॲलर्जी आहे, कोणती ऑपरेशन्स झाली. दुसऱ्या पानावर पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट: गोळीचं नाव, मिलीग्रॅम, वेळ, कशासाठी, कोणी दिली, कधीपर्यंत. चूर्ण, काढा, कॅल्शियम, झोपेची गोळी, भाचीने आणून दिलेल्या कॅप्सूल, काहीही वगळू नका. नाव लिहायचं ते पट्टीवर बघून. आठवणीवर विसंबू नका. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट दिली असेल तर वार मोठ्या अक्षरात लिहा. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

कुठल्याही डॉक्टरकडे जाताना हे दुसरं पान उघडून समोर ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: ‘यातली कुठली बंद करता येईल?’ मी हा प्रश्न दर सहा महिन्यांनी विचारते. आमच्या दोन गोळ्या अशाच कमी झाल्या.

पुढची पानं आकड्यांची. मधुमेहासाठी एचबीएवनसी, म्हणजे साधारण दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. मधुमेह असलेल्या अनेकांसाठी ७च्या आत ठेवणं हे लक्ष्य असतं, पण वय झालेल्या, अनेक आजार असलेल्या माणसाला डॉक्टर ८पर्यंत मोकळीक देतात. त्यात हयगय नसते, हिशोब असतो. म्हातारपणी साखर एकदम खाली जाणं हे थोडी वर राहण्यापेक्षा लगेच घातक ठरतं. घाम, थरथर, बडबड आणि मीटरवर ७०च्या खाली आकडा दिसला, की तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा.

वर्षातून एकदा या तपासण्या: क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन), डोळ्यांचा पडदा, पायांची संवेदना, कोलेस्टेरॉल. लघवीची तपासणी सगळ्यांत जास्त राहून जाते, आणि मूत्रपिंडाचं बिनसायला लागलं तर क्रिएटिनिन वाढण्याच्या बरंच आधी तीच सांगते. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ही तपासा, त्या गोळीने ते कमी होऊ शकतं. पासष्टी ओलांडलेल्या बाईची हाडांची डेक्सा तपासणी एकदा करून घ्या. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर औषध लागतं, नुसत्या कॅल्शियमच्या गोळीवर भागत नाही.

बीपी घरी मोजता ना? मग नीट मोजा, कारण चुकीच्या आकड्यावर गोळी वाढते. आधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, हात छातीच्या उंचीला टेबलावर. पट्टा कपड्यावर नको. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. घरी सतत १३५/८५ च्या वर राहत असेल तर दाखवा. आणि उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर उभ्यानेही मोजून तो आकडा वेगळा लिहा. पडण्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

दुसरं काम: मांडी

सगळ्यात जास्त फरक मी इथे पाहिला, म्हणून इथे रेंगाळते.

मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्यावरचा हिसका झेलतो. तो बारीक झाला की सगळा भार थेट हाडावर जातो. हाच स्नायू खुर्चीतून उठवतो आणि पडताना सावरतो. शिवाय शरीरातली साखर सर्वांत जास्त वापरतात ते स्नायूच. म्हणजे एका व्यायामात गुडघा, तोल आणि शुगर असं तिघांचं काम होतं.

सुरुवातीला फक्त तीन व्यायाम. पहिला, पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि गुडघा खाली दाबायचा. मांडी घट्ट होते, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. दुसरा, उताणं झोपून एक पाय वाकवलेला आणि दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच मोजून खाली. तिसरा, खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर घ्यायचे. जमत नसेल तर आधी हातांचा आधार घ्या, किंवा खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. पाच वेळांपासून सुरू करून आठवड्याला एक-दोन वाढवा.

याच उठाबशीने प्रगतीही मोजता येते. हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते महिन्यातून एकदा मोजा. ७५ ते ७९ वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका जास्त समजतात. सासूबाईंना पहिल्या महिन्यात चार जमल्या होत्या. वर्षभराने अकरा.

व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही जास्त दुखत असेल, गुडघा सुजला असेल, तर आदल्या दिवशीचं प्रमाण निम्मं करा. बंद करू नका. पहिले दोन-तीन आठवडे एखाद्या फिजिओथेरपिस्टसमोर करा, कारण चूक आपल्याला दिसत नाही.

चालण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते. आकडा ऐकून घाबरू नका. आम्ही पाचपाखाडीच्या कचराळी तलावावर गेलो तेव्हा पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली आणि बाकावर बसलो. तिथला मार्ग सपाट आहे, गाड्या नाहीत, बसायला जागा आहे, आणि सकाळी त्यांच्या वयाच्या बायका भेटतात. त्यांच्या ओढीने सासूबाई जितक्या चालल्या तितक्या माझ्या सांगण्याने चालल्या नसत्या. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात फिरलं तरी जेवणानंतरची साखर खाली राहते. पावसाळ्यात आम्ही तेच करतो.

जिन्याचा नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि निम्मा उपयोग घालवतात. काठीची मूठ हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत आली पाहिजे.

वजनाबद्दल एकच गोष्ट सांगते. एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. आपल्याकडे कमरेचा घेर बाईचा ८० आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा. पण सत्तरीनंतर उपाशी राहून वजन उतरवू नका, चरबीबरोबर मांडीही जाते.

ताट

आपल्या ताटात भात-पोळी भरपूर आणि प्रथिनं चमचाभर असतात. वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. आम्ही पदार्थ बदलले नाहीत, वाढायचा क्रम बदलला: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, शेवटी उरलेल्या भुकेपुरता भात. सकाळी पोह्यांबरोबर एक अंडं, किंवा पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं. रात्री पिठलं. मासे खाणाऱ्यांनी मांदेलीसारखे काट्यासकट खाता येणारे छोटे मासे घ्या, त्यातून कॅल्शियमही मिळतं. नाचणीत १०० ग्रॅममागे सव्वातीनशे मिलीग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. जांभळी नाक्याच्या बाजारातून आणून घरी दळलेली नाचणी आमच्याकडे वर्षभर असते. पण तिची भाकरी करा. पातळ, गोड सत्त्वाने साखर भराभर चढते.

मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतच तो संपतो. कमी सोडियमचं मीठ आणत असाल तर थांबा. त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंड कमकुवत असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. विचारून मगच.

काढे, तेल, पुड्या आणि आसनं

तेल लावण्याने, शेकाने दुखणं हलकं होतं, स्नायू सैल होतात, आणि कोणीतरी प्रेमाने पाय चोळतंय याचाही गुण येतो. आमच्याकडे रोज रात्री तिळाचं तेल लागतं. कूर्चा त्याने परत येत नाही एवढं लक्षात ठेवलं की झालं. मधुमेहाने पाय बधिर असतील तर मात्र गरम पाण्यात पाय बुडवणं आणि गरम पिशवी, दोन्ही बंद. भाजल्याचं कळतच नाही, आणि त्या फोडाचीच जखम महिनोन् महिने चिघळते. रोज रात्री तेल लावताना तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. घरातही चप्पल घाला.

योगासनं जरूर करा, पण गुडघे खराब असताना वज्रासन, पद्मासन आणि उकिडवं बसणं टाळा. खुर्चीत बसून करायची आसनं, दीर्घ श्वसन आणि भिंतीला धरून एका पायावर उभं राहणं पुष्कळ आहे. ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम गुडघ्यांसाठी आणि तोल सांभाळण्यासाठी उपयोगी ठरला आहे. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका, अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली गुडघ्याच्या झिजेसाठी ते घेऊ नका असंच सुचवलं.

आयुर्वेदिक औषध घ्यायचं तर पदवीधर वैद्यांकडून, आणि ते वहीत लिहून. कारलं, मेथी, जांभळाच्या बियांची पूड साखर खाली आणू शकतात, गोळीबरोबर घेतलं तर जास्तच खाली. खाजकुयलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतं, पार्किन्सनच्या गोळीतलंच द्रव्य. दोन्ही एकत्र झालं तर मात्रा वाढते. बिनलेबलची पुडी मात्र घरात येऊ देऊ नका. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. साखर उसळते, हाडं आणखी ठिसूळ होतात, आणि बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम बंद केली तरी माणूस कोसळू शकतो. म्हणून आधीच घेत असाल तर ती पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

विसरणं आणि थरथर

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि गॅस पेटवायचा कसा हेच न आठवणं वेगळं. नेहमीच्या राम मारुती रोडवरून घरी यायचा रस्ता चुकला, हिशोब जमेनासा झाला, तेच ते प्रश्न येऊ लागले, तर दाखवा. आधी थायरॉइड, बी-१२, नैराश्य, ऐकू न येणं, झोपेच्या गोळ्या ही कारणं तपासून घेतात, कारण त्यांवर इलाज आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने विस्मृतीच्या आजारांपैकी सुमारे ४५ टक्के टाळता किंवा लांबवता येण्याजोगे मानले आणि त्यासाठी १४ कारणं सांगितली. त्यांत बीपी, मधुमेह, एकटेपणा आहे, आणि कमी ऐकू येणंही आहे. कानाचं यंत्र लावायला लाजणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे एक वाक्य वाचून दाखवा.

पार्किन्सन म्हटलं की हात थरथरणं आठवतं, पण हालचाल मंदावणं, अक्षर बारीक होत जाणं, वास न येणं, चेहऱ्यावरचे भाव कमी होणं, यांकडेही लक्ष द्या. लेव्होडोपाची गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास घेतात, कारण प्रथिनं तिच्या शोषणात आड येतात. वेळ चुकली की माणूस जागच्या जागी थिजतो, म्हणून मोबाइलवर गजर लावा.

घर आणि सरकारी मदत

एका रविवारी घरभर फिरून हे करा: पायपुसणी उचला, मोरीत घसरू नये अशी रबरी चटई टाका, संडासात भिंतीला दांडा बसवा, भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची आणा, पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा ठेवा. जिन्याला एकाच बाजूला कठडा असेल तर दुसऱ्या बाजूलाही नळी बसवायला सोसायटीला सांगा. आमच्या सोसायटीत यावर दोन सभा झाल्या, पण बसली.

७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात तेच औषध मूळ (जेनेरिक) नावाने बरंच स्वस्त मिळतं, चिठ्ठीवर मूळ नाव लिहून मागा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचं आहे. तिशीनंतर शुगर-बीपीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने हे लिहा: तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, जीभ अडखळणं. म्हणजे पक्षाघात, ताबडतोब १०८. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवा.

वहीतलं शेवटचं पान मी ठरवलं नव्हतं. गेल्या दिवाळीत सासूबाईंचं बीपी मोजून झाल्यावर त्यांनी पट्टा माझ्या हाताला गुंडाळला. मला पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय सरळ करायला लावले, दोनदा मोजलं. १४८/९४. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने तारीख टाकली, माझं नाव लिहिलं, आकडा लिहिला, आणि खाली एक ओळ: ‘हिला सोमवारी दाखवायचे.’ सोमवारी त्या ५४ पायऱ्या उतरून माझ्याबरोबर आल्या.